मुठेल

रेशनच्या मशीनला माझा अंगठा पटत नाही.
दुकानातला बापट म्हणतो, पुसा, पदराला पुसा, परत ठेवा.
पुसते. ठेवते. लाल दिवा.
रांगेत मागे कुणीतरी मुद्दाम खोकतं.
कार्ड माझं, नाव माझं, फोटोतली बाई मी,
फक्त बोट माझं नाही.

ते कुठे गेलं मला ठाऊक आहे.
मिरजोळ्याच्या कंपनीत गेलं, थोडं थोडं,
कोळंबीच्या सालांबरोबर वाहून.

अर्ध्या तासाला घंटा होते.
साबण, मग क्लोरीन, मग साधं पाणी,
आणि हात परत बर्फात.
दिवसाला सोळा वेळा.
इतकं तर देवालाही कुणी न्हाऊ घालत नाही.
मॅडम येऊन नखं बघतात.
भेगा बघायचं त्यांच्या कागदावर नाही.
रबरी मोजे मिळतात, नाही म्हणत नाही,
पण मोज्यातून पाठीतला काळा दोरा लागत नाही बोटांना,
आणि दोरा राहिला की अख्खं टोपलं परत.

घरी भाजीत मीठ टाकायचं
तर आधी दात आवळते.
मिरचीचं विचारूच नका.
धाकटी वेणी घालून घ्यायला बसते आणि ओरडते,
आई, तुझा हात ओढतो!
तिचे केस माझ्या बोटांत अडकलेले,
जाळ्यात शेवाळ अडकावं तसे.

माझ्या समोरच्या टेबलावर जुलेखा सोलकर.
डबा खाताना तिनं माझ्या हातावर
कागदाची पुडी ठेवली.
आत पिवळट पांढरा गोळा,
सुपारीहून मोठा, अंड्याहून लहान.
अगं, हे भिरंडेल.
मुठेल, ती म्हणाली. तिचं माहेर विजयदुर्गाकडचं.
तू काय म्हणायचं ते म्हण, पण लाव.
हात ओलसर असतानाच लाव, पुरते सुकू देऊ नको.
तव्यावर जरा ऊब दे, वितळवू नको.
आणि वर मोजे घालून झोप.
कसले मोजे?
पायातले गो, कसले!

रात्री दिव्याखाली गोळा फिरवून बघितला.
रातांब्याच्या बिया कुटून, उकळून,
वर आलेलं तेल निवलं की मुठीत आवळतात.
मूठ तशीच राहिली होती त्यावर.
चार बोटांच्या चार खाचा,
आणि कडेला अंगठा,
रेघांसकट.

जुलेखाच्या चाचीचा.
चाची गेली मागल्या रमजानात,
हे शेवटच्या घाण्यातलं.

कुठून सुरू करायचं कळेना.
अंगठा राहू दे म्हटलं, खालच्या बाजूनं घासलं.
आधी नुसतं मेण वाटतं,
मग हाताच्या उबेनं ते सुटतं
आणि भेगेत शिरतं, हळू,
भरतीचं पाणी खाडीत शिरतं तसं, आवाज न करता.
पहिल्यांदा झोंबलं. मग नाही.

मोजे मोठ्याचे, शाळेतले, करड्या रंगाचे.
ते चढवल्यावर काहीच करता येईना.
डास मारता येईना, कडी लागेना,
तांब्या दोन्ही हातांनी धरला, माकडासारखा.
रात्री बोटीवरून यांचा फोन आला,
उचलायला नाकाचं टोक वापरलं.
काय करतेस? म्हणाले.
काही नाही, म्हटलं.
खरंच काही नाही.
किती वर्षांनी हात असे रिकामे होते.

वीस दिवसांत गोळा चिंचोक्याएवढा झाला.
खाचा गेल्या. शेवटी अंगठाही गेला,
माझ्याच तळव्यात.

या महिन्यात परत रांगेत.
उजवा अंगठा, लाल. डावा, लाल. तर्जनी, लाल.
बापट म्हणाला, डाव्या हाताची करंगळी ठेवून बघा एकदा.
हिरवा.

करंगळी कोळंबी सोलत नाही.
ती बाजूला उभी असते नुसती.
माझ्यातलं जे कामाला लागलं नाही
तेवढंच ओळखीचं निघालं.
तांदूळ घेतले. पावती घडी करून ब्लाउजात.

जुलेखाला सांगितलं तर ती हसली,
मग हसायची थांबली,
मग म्हणाली, रातांबे लागू देत, आपण दोघी कुटू.
मी म्हटलं, वळायला मला दे.

सकाळी मोठा शाळेत निघाला,
एका पायात करडा मोजा, एका पायात निळा.
दोरीवर त्याचे बाकीचे वाळत होते,
तेलकट,
बोटं पसरून.